अर्धं बोट

आमच्या बेटावर झाड नाही.
म्हणजे आहे एक, डॉक्टरांच्या भिंतीआड,
वाऱ्यानं इतकं वाकवलेलं
की ते झाड आहे हे नव्या माणसाला सांगावं लागतं.
ऑर्कनीत लाकूड उगवत नाही,
येतं.

पणजोबांच्या वेळी उत्तरेच्या खडकांवर गलबत फुटलं.
माणसं वाचली, सगळी नाही,
आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला फळ्या लागल्या.
टॅमस ड्रेव्हरनं आधी तिघांना पुरलं,
मग फळ्या उचलल्या.
हा क्रम आमच्या घरात अजून नीट सांगतात,
उगीच कुणी उलटा लावू नये म्हणून.

त्या फळ्यांची ही खुर्ची.
बसकी. धूर डोक्यावरून जावा इतकी बसकी.
पाठीला ओटचं काड, मूठमूठ वळून सुतळीनं शिवलेलं,
कानांच्या वरपर्यंत,
दाराच्या फटीतला वारा मानेला लागू नये म्हणून.
बैठकीखाली खण. खणात बायबल.
बायबलामागे बाटली.

काड तीनदा बदललं.
एकदा आजीनं, जेमायमानं, युद्धातल्या एका हिवाळ्यात.
एकदा वडिलांनी, दाभण अंगठ्यात घुसवून घेऊन.
यंदा मी.
यंत्र काडाचा भुगा करतं,
म्हणून मागच्या पट्टीत मुद्दाम काळे ओट पेरले,
विळ्यानं कापले,
आणि शेजारचा रॉनल्ड कुंपणाला टेकून म्हणाला,
घोडा पाळतेस की काय?

वडील गेले तेव्हा खुर्ची माझ्या घरी आली.
माझं घर नवं. जमीन गुळगुळीत, पाण्यासारखी सपाट.
खुर्ची डुगडुगायला लागली.
मी बसले की टक्. उठले की टक्.
मांजरसुद्धा तिच्यावर झोपेना.

एर्लेंड ॲबरडीनहून आला, टेप घेऊन, करवत घेऊन.
चारही पाय मोजले.
मागचा डावा अर्धं बोट लांब, म्हणाला.
शंभर वर्षं कुणाला दिसलं नाही?
पाच मिनिटांचं काम आहे.
मी म्हटलं, आधी चहा घे.
चहा संपला. मी म्हटलं, आणखी घे.

दुसऱ्या दिवशी खुर्ची व्हॅनमध्ये घातली
आणि जुन्या घरी नेली, ब्रेकनला.
छप्पर नाही. चुलीत खाजकुयली.
मेंढ्यांच्या लेंड्या फावड्यानं बाजूला केल्या,
दगडी फरशी धुतली,
धुतल्यावर पाणी एका जागी थांबलं.
चुलीच्या डाव्या अंगाला, वाटीएवढा खळगा.
कुणाच्या टाचांनी पडला,
की टॅमसच्याही आधीपासून होता, ठाऊक नाही.
खुर्ची तिथं ठेवली. थोडी फिरवली.
लांब पाय खळग्यात उतरला
आणि चारही पाय टेकले.
हूं नाही की चूं नाही.

जागा बदलली असती तर चूल लांब पडली असती.
त्यानं पाय बदलला.

एर्लेंड बसला. करवत मांडीवर.
बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होता,
तिथं आता भिंत नाही, समुद्र आहे.
मग म्हणाला, इथून दार दिसतं गं.
कोण येतंय ते आधी त्याला दिसत असणार.

समुद्र दर हिवाळ्यात हातभर जवळ येतो.
आणखी काही वर्षांत चूल जाईल, मग ती फरशी.
मग तो खळगा कुठंच नसेल,
माझ्या घरातल्या एका पायाच्या टोकाला सोडून,
उलटा.

अजून टक् होतं.
पाहुणे दचकतात, खाली वाकून बघतात,
कुणीतरी कागदाची घडी पुढं करतो.
मी घेते, आभार मानते,
खणात टाकते. बऱ्याच जमल्यात.
एर्लेंडची करवत शेडमध्ये राहिली.
नेईन म्हणतो दर वेळी.